करंजाशेजारचा चौकोन

सोळा वर्षांत शिवलीलेने बेंगळुरातल्या शेकडो जागा नकाशावर काढल्या असतील, पण त्यांतल्या एकीवरही तिचा पाय पडला नव्हता. जे. पी. नगरात एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर गिरीराज नावाच्या सर्व्हेअरचं ऑफिस आहे. तिथे ती खिडकीकडे पाठ करून बसते. ड्रोनने वरून काढलेला जागेचा फोटो स्क्रीनवर अंथरायचा आणि त्यावरून भिंती, झाडं, विहिरी, खांब गिरवायचे, हे तिचं काम. झाडांची खोडं तिने कधी पाहिली नाहीत. आंबा, नारळ, करंज, सगळ्यांना ती नुसत्या डोक्यावरून ओळखते.

माणूस तसं तिखटच. स्क्रीनला कुणी बोट लावलं की संपलंच त्याचं. निपाणीजवळच्या गावची, बाप तंबाखूच्या वखारीत, आणि पोरगी आयटीआय करून बेंगळुराबाहेरच्या बोम्मसंद्राच्या कारखान्यात ट्रेसिंग कागदावर शाईने पंपाचे भाग काढायला लागली. रेघ चुकली तर ती ब्लेडने खरवडावी लागे आणि कागद तिथे पातळ होई. साहेब तो उजेडात धरून बघत. त्या उजेडाची धास्ती तिने आयुष्यभर बाळगली. नवरा योगीराज अजून त्याच कारखान्यात आहे. तो म्हणतो, हिच्या हातचं चुकणं म्हणजे अमावास्येचा चंद्र. ती हसत नाही, पण तिला ते आवडतं, खोटं कशाला बोला.

कॉम्प्युटरवर खरवडणं नाही, तिथे सगळे थर. लेअरच म्हणतात त्यांना. भिंतींचा एक लेअर, झाडांचा एक, खाली अंथरलेल्या फोटोचाही एक. हवा तो दाखवायचा, नको तो बंद करायचा. एकच पथ्य: जो लेअर निवडलेला असेल, नवी रेघ जाऊन त्याच्यावरच बसते. म्हणून रेघ ओढण्याआधी कुठल्या लेअरवर आहोत ते बघायचं. पुण्याहून आलेला प्रणीत नावाचा तरुण इंजिनिअर साइटवरची कामं बघतो, त्याला तिने पहिल्याच आठवड्यात हे घोटून घोटून शिकवलं. वर सुनावलंही, की फोटो बंद कर आणि मग सांग काय दिसतं ते. फोटो चालू असला की आंधळ्यालाही सगळं दिसतं. बिचारा ‘हो मॅम, हो मॅम’ करत राहिला.

आणि हेच पथ्य मोडलं ते तिनेच.

झालं असं, की एका गुरुवारी ऑफिसात शिवाप्पा आला. व्हाइटफील्डच्या पलीकडे एक मोठा रिकामा प्लॉट आहे, त्याचा हा पंचवीस वर्षांचा राखणदार. सत्तरी गाठलेला, पायात रबरी चपला. प्लॉट आता विकला गेला होता आणि नव्या मालकासाठी नकाशा काढायचं काम गिरीराजांकडे आलं होतं. शिवाप्पाचं म्हणणं एवढंच, की नकाशात आमची बाई आहे का ते बघायचंय.

कन्नडमध्ये सुरू झालेलं बोलणं दोन वाक्यांत मराठीवर आलं, कारण म्हातारा निघाला चिकोडीकडचा. त्याची बायको यल्लव्वा नऊ वर्षांपूर्वी गेली. लिंगायत माणसं, जाळत नाहीत, माती देतात. जुन्या मालकाने मोठ्या मनाने प्लॉटचा कोपरा दिला होता. शिवाप्पाने त्यावर एक दगड बसवला, दर दिवाळीला चुना लावला. नव्या मालकाने स्वच्छ सांगितलं होतं: नकाशात जे असेल त्याला हात लावणार नाही, नसेल ते सपाट होणार. माणूस वाईट नव्हता, दिला शब्द पाळणारा होता. पण त्याचा सगळा शब्द त्या कागदावर होता.

शिवलीलाही लिंगायतच. तिच्या बापालाही गावच्या माळावर मातीच दिलेली. तिने मुकाट्याने फोटो उघडला. कोपरा अंधारा दिसत होता, म्हणून तिने फोटोचा लेअर निवडला आणि फोटो जरा उजळ केला. करंजाच्या झाडाशेजारी तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. ती जवळ गेली, आणखी जवळ गेली. म्हाताऱ्याने थेट स्क्रीनवर बोट टेकवलं.

“हीच,” तो म्हणाला. “ही आमची यल्लव्वा.”

ती त्याला बोट काढ म्हणाली नाही. त्याच्या देखत तिने ठिपक्याभोवती चौकोन ओढला, आत ‘समाधी’ असं लिहिलं. त्याने डोळे बारीक करून पाहिलं, दिसतंय म्हणाला आणि बेकरीतला बन खाऊन निघून गेला. चौकोन फोटोच्याच लेअरवर बसला होता. ते तिने पाहिलं नाही.

शुक्रवारी तिने नेहमीसारखा फोटो बंद केला. नकाशा लख्ख दिसला, भिंती, झाडं, पाण्याची टाकी, विजेचा खांब. फोटोबरोबर चौकोनही गेला होता. पण माणसासमोर बसून काढलेली गोष्ट परत शोधायची असते, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. प्रिंट निघाली, गेली.

सोमवारी सकाळी दुसऱ्या कशासाठी तरी तिने ती फाइल उघडली. फोटो चालू होता, चौकोन होता. तिने फोटो बंद केला. चौकोन नाही. चालू केला, आहे. बंद केला, नाही. असं तिने पाच-सहा वेळा केलं.

तिने चौकोन त्याच्या हक्काच्या लेअरवर नेला, नवी प्रिंट काढली, प्रणीतला पाठवली आणि फोनही केला. प्रणीत साइटवरच होता. जेसीबी सातपासून चालू होतं म्हणाला, थांबवतो म्हणाला, आणि मग जरा घुटमळून म्हणाला की मॅम, तो कोपरा झाला बहुतेक. तिने फोन ठेवला, गिरीराजांना जागेवर जाते एवढंच सांगितलं आणि ऑफिसातले दोन लांब टेप पिशवीत घालून मेट्रो गाठली. मॅजेस्टिकला गाडी बदलताना तिच्या हातातली प्रिंट घामाने मऊ झाली होती.

प्लॉट बघून ती थबकलीच. वरून तळहाताएवढा दिसणारा तुकडा चालायला लागलं की संपत नव्हता. यंत्र बंद उभं होतं. कोपऱ्यातली जमीन वीतभर खरवडून सारखी केली होती, लाल, ओली, कुठेही कसलीच खूण नाही. झाडांच्या लेअरवर होता म्हणून करंज वाचला होता. त्याच्याखाली शिवाप्पा बसला होता आणि शेजारी गोणपाटात गुंडाळलेला दगड होता.

शनिवारीच मुकादमाने त्याला प्रिंट दाखवली होती. यात समाधी नाही म्हणाला. शिवाप्पाने वाद घातला नाही. नकाशावाल्या बाईने आपल्यासमोर काढलं होतं, मग मोठ्या माणसांनी पुसलं असेल, अशी त्याची समजूत. यंत्राच्या दातांना लागण्यापेक्षा बरं म्हणून रविवारी त्याने स्वतःच्या हाताने दगड उपटला. हाडांना काही धक्का नव्हता, ती पाच हात खोल. पण आता वर माती सगळीकडे सारखी. सकाळपासून तो चार ठिकाणी जाऊन उभा राहिला होता आणि चारही ठिकाणी त्याला हीच जागा वाटली होती.

“कुणी पुसली, बाई?” त्याने विचारलं.

“कुणी नाही, अण्णा. होती नकाशात. मीच झाकली. चूक माझी आहे.”

त्याने गोणपाट दगडावर नीट ओढून घेतलं. शिवी दिली असती तर बरं, असं तिला वाटलं.

“झाकली तर झाकली,” तो म्हणाला. “हाय कुटं, ते तेवढं सांग.”

तिने प्रिंट जमिनीवर पसरून चार खडे ठेवले. करंजावरून मोजण्यात अर्थ नव्हता, कारण खोड फोटोत दिसत नाही, डोक्याच्या मधोमध आहे असं धरायचं असतं. आणि इथलं खोड तर चांगलं हातभर कललेलं होतं. ते तिला आज कळलं. टाकीचा कोपरा आणि विजेचा खांब मात्र पक्के. कागदावरून दोन्ही अंतरं काढून तिने एक टेप टाकीला धरायला प्रणीतला सांगितलं, दुसरा खांबाला मुकादमाने धरला. दोन्ही टेपची दुसरी टोकं हातात घेऊन ती मागे-पुढे सरकत राहिली आणि दोन्ही आकडे जिथे जुळले तिथे गुडघे टेकून बसली. साडी लाल मातीने भरली.

शिवाप्पा दगड उराशी धरून आला. यंत्रवाला मदतीला पुढे झाला, त्याला त्याने हात लावू दिला नाही.

“नक्की हितंच?”

शिवलीलेने कागदाकडे पाहिलं नाही. तिने मातीवर तळहात टेकला आणि बोटांनी चार रेघा ओढून चौकोन काढला.

“इथंच, अण्णा.”

त्याने दगड चौकोनात ठेवला, दोन्ही हातांनी माती लोटून दाबली आणि खाली वाकून दगडाला म्हणाला, “यल्लव्वा, नकाशावाली बाई आली बघ.”

शिवलीला तशीच बसून राहिली. सोळा वर्षांत तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि प्रणीत शहाणा, त्याने टाकीकडे तोंड फिरवून टेप गुंडाळायला घेतला.