हाताची घडी, तोंडावर बोट

माझी आई सोलापुरात एका गिरणीत रिळाच्या खात्यात कामाला होती. आमची शाळा दुपारीच सुटायची आणि आईची सुट्टी दिवेलागणीला. मधल्या वेळात पोरं उन्हात हिंडतात, टांग्याखाली येतात, म्हणून गिरणीनं कामगारांच्या मुलांसाठी एक क्लब काढला. आम्ही त्याला ‘किलप’ म्हणायचो. चाळींच्या मागं पत्र्याची एक लांबडी खोली आणि तिला लागून सरपणाची कोठी. क्लब उघडला त्या दिवशी पेढे वाटले होते. आई घरी येऊन वडिलांना म्हणाली, "आता पोरीचा घोर न्हाई बगा. शिकल्याली बाई हाय तितं."

बाई शिकलेल्या होत्या, हे खरंच. पुण्याकडून आल्या होत्या. लुगडं सदा परीटघडीचं, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी कुणाला छडीनं मारल्याचं मला आठवत नाही. मारलं असतं, तर निदान घरी दाखवायला वळ तरी असते.

आत गेलं की भिंतीला टेकून ओळीनं बसायचं. हाताची घडी, तोंडावर बोट. दिवे लागेपर्यंत एवढंच. समोर काचेच्या कपाटात लाकडी घोडा होता, रबरी चेंडू होते, रंगीत ठोकळे होते. कपाटाला कुलूप आणि किल्ली बाईंच्या कमरेला. बाई दारात वाऱ्याला खुर्ची टाकून क्रोशाचं विणकाम करत बसत. पाणी मागितलं तर म्हणत, "आत्ताच प्यायलीस ना?" लघवीला जायचं तर हात वर करायचा, आणि त्यांचं लक्ष विणण्यात असलं तर तो तसाच धरून ठेवायचा. बारकी पोरं बसल्या जागीच करत. मग त्या पोराला सुट्टीपर्यंत त्याच ओल्यात बसवून ठेवत. "कळू दे त्याला," इतकंच म्हणत आणि पुढचा टाका घेत.

माझ्या शेजारी एक तेलुगू मुलगी बसायची. तिचा बाप हातमागावर लुगडी विणायचा, आई आमच्या आईच्याच खात्यात. घरी सगळं तेलुगूत, त्यामुळं तिला मराठी मोडकंतोडकंच यायचं. पण लई हसरी पोर. बाईंची पाठ वळली की गाल फुगवून दाखवायची आणि मला हसू दाबताना ठसका लागायचा.

पावसाळा सरत आला तेव्हा तिचा कान दुखायला लागला. पहिल्यांदा ती नुसती कानावर हात धरून बसायची. बाई म्हणाल्या, "हाताची घडी." तिनं हात खाली घेतला. थोड्या वेळानं ती रडायला लागली आणि "चेवु, चेवु" म्हणायला लागली.

"मराठीत सांग," बाई म्हणाल्या.

तिला दुखण्याच्या भरात मराठी शब्द सुचेना. मी म्हणाले, "बाई, तिचा कान दुखतोय."

"तुला विचारलं का मी?"

"न्हाई."

"नाही म्हणावं. आणि तिचं तिला सांगू दे. अशानं ती शिकणार कधी?"

ती सांगू शकली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिच्या आईनं घरी लसणाचं तेल घातलं, कापूस बसवला. रजा घेतली तर जागा जायची भीती, म्हणून पोरीला पुन्हा क्लबातच धाडलं. सोडताना दारात हात जोडून म्हणाली, "बाई, जरा बगा. लई दुखतंय तिला." बाईंनी मान हलवली. पुढं कापूस पिवळा झाला, त्याला वास यायला लागला. बाईंनी तिला ओळीच्या शेवटाला बसवलं. गिरणीचा डॉक्टर दोन चाळी पलीकडे बसायचा. मला त्याची पाटी खिडकीतून दिसायची.

त्याच आठवड्यात पाहुणे आले. साहेब, मडम आणि गावातली मोठी माणसं. त्या दिवशी कपाट उघडलं. आम्हांला घोडा मिळाला, चेंडू मिळाले, पितळी पेल्यातून दूध मिळालं. पाहुणे यायच्या आधी बाईंनी त्या मुलीला उठवलं आणि झाडलोटीला ठेवलेल्या मदतनीस बाईला म्हणाल्या, "हिला जरा कोठीत बसवा. फार घाण येते." मदतनीस बाईनं तिला सरपणात नेऊन बसवलं आणि बाहेरून कडी लावली.

आम्ही गाणं म्हटलं. मडमेनं एका पोराच्या गालाला हात लावला. कोठीच्या दारावर आतून थापा पडत होत्या, त्या आम्हां सगळ्यांना ऐकू येत होत्या. साहेबानं तिकडं पाहिलं तेव्हा बाई हसून म्हणाल्या, "सरपण रचतायत." मग हार झाले, फोटो झाला, आणि बाई पाहुण्यांना पोचवायला मोटारीपर्यंत गेल्या त्या परत आल्याच नाहीत. मदतनीस बाई पेले विसळत बसली.

भोंगा झाला. आया आल्या. त्या मुलीच्या आईनं, आमच्या तेलुगू मावशीनं, इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "माझी पोरगी कुटं?" मदतनीस बाईच्या हातून पेला पडला. मी कोठीकडं बोट केलं.

पोर लाकडांवर आडवी होती. अंग तव्यासारखं तापलेलं, पायाला मुंग्या डसलेल्या. आई हाक मारत होती, पण ती वळून बघत नव्हती. तापानं असेल, असं आम्हांला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तेलुगू मावशी आणि माझी आई गिरणीच्या ऑफिसात गेल्या. मला साक्षीला नेलं होतं. साहेबाच्या हाताखालचा अधिकारी आमच्यातलाच, चांगला मराठी माणूस. बाईही तिथं होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मुलगी आजारी होती. तिला गोंगाटाचा त्रास नको म्हणून वेगळं निजवलं होतं."

मी म्हणाले, "निजवलं न्हवतं. कडी लावल्याली."

अधिकाऱ्यानं माझ्याकडं न बघता आईला विचारलं, "क्लबाचे काही पैसे घेतो का आम्ही तुमच्याकडून?"

"न्हाई साहेब."

"मग? फुकटात सांभाळायचं आणि वर हे ऐकायचं. पटत नसेल तर मुली घरी ठेवा."

आईनं मला घरी ठेवलं. तेलुगू मावशीची पोर तर तशीही आता क्लबात जाणार नव्हती. महिन्याभरानं ताप गेला, पण एका कानानं तिला काहीच ऐकू येईना आणि दुसऱ्यानं अगदी जवळून ओरडलं तरच. शाळा तिथंच सुटली. पुढं ती विड्या वळायला बसली. तिचं लग्न झाल्यावरही मी तिच्या घरी जायचे. ती माझ्या ओठांकडं बघून बोलणं ओळखायची, ते बहुतेक चुकायचंच. चुकलं की हसायची, पण तिचं हसू आता फार मोठ्यानं यायचं आणि तिची सासू आतून खेकसायची. तेही तिला ऐकू जायचं नाही.

बाकीच्या बायकांनी आपली पोरं क्लबातून काढली नाहीत. कुठं ठेवणार होत्या? मला त्यांचा राग यायचा, आता येत नाही. बाईंचा राग मात्र अजून तसाच आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

काही वर्षांनी बाई सोलापूर सोडून गेल्या. निरोपाचा समारंभ झाला. मुलांची माऊली असं भाषणात म्हणाले, शाल दिली. मुकादमिणीनं रिळाच्या खात्यातल्या झाडून सगळ्या बायकांना नेलं होतं. माझी आईही गेली, इतकंच नाही, तर बाईंना हळदकुंकू लावून आली.

"तू कशाला गेलीस?" मी विचारलं.

आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, "न जाऊन काय करू? उद्या कामावर जायचं हाय की मला."