ठोकळ्यांवरची जीप

जीपची बॉडी उचलायचं खूळ दादाच्या डोक्यात एका गिऱ्हाइकाच्या मोबाइलमुळे शिरलं. ऑइल बदलून होईपर्यंत त्यानं आम्हाला उंच केलेल्या जीपांचे व्हिडिओ दाखवले. चिखलातून, नाल्यातून, दगडांवरून उड्या मारत चाललेल्या. दादा माझा मोठा भाऊ. रिसोडला रस्त्याच्या कडेला आमचं दोघांचं गॅरेज आहे. तो मिस्त्री आणि मी त्याच्या हाताखालचा, एवढीच आमची कंपनी. व्हिडिओ बघून दादा म्हणाला, "हे आपल्याले जमते." त्याला सगळंच जमतं, यावर आमच्या घरात कुणी कधी शंका घेतली नव्हती.

खूळ म्हणतो, पण त्याचंही खरं होतं. नव्या गाड्या आमच्याकडे येईनाशा झाल्या होत्या. त्या शोरूमला जातात, तिथं वायर जोडली की कॉम्प्युटर सांगतो कुठं दुखतंय. चुकून एखादी आलीच, तर दादाच तिला वाटेला लावायचा. "शोरूमले न्या, हे आमचं काम नाई." मी चिडायचो. आलेली लक्ष्मी हा माणूस का परत पाठवतो, हे मला कळत नव्हतं. उरले होते ते जुने ट्रॅक्टर, जुन्या जीपा आणि दादाचा कान.

त्या कानावरच आमचं गॅरेज उभं होतं. लोक मालेगावहून, मानोऱ्याहून गाड्या घेऊन यायचे. गाडी चालू ठेवायची, दादा बॉनेटवर पंजा टेकवून डोळे मिटून उभा राहायचा. मग सांगायचा, पाण्याच्या पंपाचं बेअरिंग. किंवा, तिसरा व्हॉल्व्ह. उघडलं की तेच निघायचं. मी त्याच्यासोबत अर्धं आयुष्य काढलं आणि मला अजून गाडी बरी आहे की आजारी, एवढंच कळतं. दादा आहे तोवर मला शिकायची गरज काय, असं मी धरून चाललो होतो.

तर आधी घरचीच जीप उंच करायची आणि गॅरेजसमोर उभी करायची, म्हणजे तसली कामं चालून येतील, असा बेत ठरला. जीपची बॉडी खालच्या चेसीवर, म्हणजे लोखंडी सांगाड्यावर, रबरी गाद्यांवर बसलेली असते. आमच्या जीपच्या गाद्यांचा कधीच चुरा झाला होता, लोखंडावर लोखंड टेकलं होतं. लेथवाल्याकडून नायलॉनचे जाड ठोकळे करून आणले, तळाला नवी रबरं घातली, लांब बोल्ट मारले. बॉडी चार बोटं वर गेली. शेजारच्या टायरवाल्यानं आग्रह करून नारळ फोडायला लावला. जीप ऐटबाज दिसत होती, ते नाकारत नाही.

मग आमचे भोग सुरू झाले. बॉडी वर गेली, पण चेसीवरचं इंजिन, गिअरबॉक्स होते तिथंच राहिले, आणि दोन्हींना जोडणारी एकेक वस्तू रुसून बसली. गिअरचा दांडा भोकाच्या कडेला अडायला लागला, दुसरा गिअर पडेना. भोक कापून मोठं केलं. पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं वर सरकलं आणि पाती त्याला घासायला लागली. कडं खाली घेतलं. हॉर्न दाबला की दिवे मरगळायचे. बघतो तर अर्थिंगची वायर ताणून तुटायला आलेली. स्टिअरिंगचा दांडा आखूड पडला, त्याला मधे जोड देऊन लांब केला. एक दुखणं बसवलं की दुसरं उठायचं. नाकी नऊ आले. दादा मात्र खुशीत होता. "गाडी कशी गुपचूप झाली पाह्य," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

मला ती गुपचूप वाटत नव्हती. वळण घेताना पुढून कुठूनतरी 'टक' असा आवाज येत होता.

मी दादाला सांगितलं. त्यानं चप्पल बाहेर काढली आणि स्टिअरिंगवर बसला. गाडी तो अनवाणीच चालवायचा. मिस्त्री गाडीत बसत नाई, देवळात जाते, अशी त्याची थट्टा व्हायची. चक्कर मारून आला आणि म्हणाला, "काई नाई वाजत."

"वाजून राह्यलं दादा. वळताना."

"तुले भास होते."

मग टायरवाल्याला शेजारी बसवून त्यानं आणखी एक चक्कर मारली. उतरल्यावर टायरवाल्यानं माझ्याकडे बघितलं. त्यानं आवाज ऐकला होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. तरी म्हणाला, "नाई बा, मले तं काई आयकू नाई आलं." रिसोडात आवाजाच्या बाबतीत दादाला खोटं पाडायचं म्हणजे भटजीला तिथी चुकली म्हणून सांगण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी दादानं विचारलं, "गेला न आवाज?" मीही मान हलवली. वडीलधाऱ्याचा मान राखताना आम्ही फार पुढं जातो.

किन्हीराजा माझी सासुरवाडी. मेव्हण्याच्या शेताच्या वाटेवर जीप घालून बघू, म्हणून आम्ही दोघं निघालो. दादा चालवत होता. मालेगाव मागं पडलं आणि आवाज वाढत गेला. आता वळण नसतानाही टक, टक, टक. दादा रस्त्याकडे बघत हसत होता. "लोण्यावानी चालून राह्यली," तो म्हणाला. किन्हीराजाच्या अलीकडच्या वळणावर त्यानं स्टिअरिंग फिरवलं आणि चाकं जरा उशिरानं वळली. समोरून एसटी येत होती. ती निघून गेली आणि मी हात घालून चावीच बंद केली. जीप घरंगळत कडेला थांबली.

"काहून बे?" दादा ओरडला.

मी उतरलो आणि जीपच्या खाली शिरलो. स्टिअरिंगच्या दांड्याला आम्ही जो जोड दिला होता, त्याचा बोल्ट शेवटच्या आट्यांवर लोंबत होता. दादा माझ्यामागून वाकून आला, त्यानं बोल्टला बोट लावून हलवून बघितलं.

"हा वाजत असन," तो म्हणाला.

"केव्हाचा वाजून राह्यला, दादा."

तो बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला मातीत बसला. मी समोर उकिडवा बसलो. तो माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता, तोंडाकडे बघत होता.

"मले बारीक आवाज आयकू येत नाई," दादा म्हणाला. "लय दिवस झाले. मानसाचं बोलनं तोंडाकडं पाहून समजते. गाडीचं नाई समजत."

"मंग ते बेअरिंग? व्हॉल्व्ह?"

"हातानं. बॉनेटवर हात ठेवला का समदी थरथर हातात येते. चालवताना तळपायात येते." त्यानं जीपकडे बघितलं. "हे ठोकळे घातले अन् काईच येइना. मले वाटलं, काम चांगलं झालं."

मला रडू फुटलं. रस्त्यावरून माणसं जात होती, मला त्यांची लाजही वाटली नाही.

"ठोकळे काढून टाकू," मी म्हणालो. "पयलेसारखी करू."

"आपली करशीन. बाकीच्यायचं काय? नव्या गाड्यायले कंपनीच जाड रबरं लावून देते. म्हनून तं मी घेत नव्हतो." जुन्या जीपा, जुने ट्रॅक्टर भंगारात चालले होते. शेवटची जुनी गाडी गेली की दादाचं काय, याचा हिशेब त्यानं केव्हाच केला होता आणि मला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता.

आम्ही बोल्ट आवळला, त्यावर तार बांधली. मग दादानं बॉनेट उघडलं आणि मला म्हणाला, "चालू कर. आता तू आयक अन् मले सांग."

मी इंजिन चालू केलं आणि त्याच्याजवळ येऊन उभा राहिलो. ऐकू खूप काही येत होतं.

"घरघर येऊन राह्यली," मी म्हणालो.

"कशी? वरतून का खालून? रेस दिल्यावर वाढते का तुटते?"

मी ॲक्सिलेटरची तार ओढली, सोडली, पुन्हा ओढली. घरघर ती घरघर. कोणती कुठली, मला वेगळी काढता येईना. दादा माझ्या ओठांकडे बघत वाट पाहत होता, जसे आजवर सगळे त्याच्याकडे बघत वाट पाहायचे.

"पुन्हा आयक," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी पुन्हा कान दिला. काहीतरी सांगायला हवं होतं.

"पाण्याचा पंप," मी म्हणालो.

दादानं पंपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी ठोकून दिलंय, हे त्याला कळलं होतं. तरी त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "असन." मग बॉनेट लावलं, वळसा घालून गेला आणि डाव्या बाजूच्या सीटवर चपला घालूनच बसला.