आईने लिस्बनमध्ये नंबर लावला

मंडळी, आज लिस्बनच्या एका आर्ट म्युझियममधून आम्हाला बाहेर काढायचंच बाकी होतं. कारण आमची आई.

आई चौसाळ्याहून महिनाभरासाठी माझ्याकडे आलीय. सकाळी तिला गल्ल्यांमधली भिंतीवरची चित्रं दाखवली. चार मजली माशापुढे तिने हौसेने फोटो काढून घेतला. मग म्युझियममध्ये गेलो. तिथे एका दालनात जमिनीवर जुन्या बादल्या, डबे, कॅन ओळीने मांडले होते. मी भिंतीवरची माहिती वाचत होते, तेवढ्यात आईने पिशवीतली रिकामी बाटली काढली, ओळीच्या शेवटी ठेवली आणि निवांत बाकावर जाऊन बसली.

गार्ड धावत आला. मी घाबरून बाटली उचलली.

आई म्हणाली, "कावून उचलायलीस? नंबर हाय माझा."

आमच्याकडे दुष्काळात सोसायटीच्या गोडाऊनपुढे टँकर यायचा. बायका सकाळीच घागरी रांगेत ठेवून कामाला जायच्या. घागर जागेवर असली की नंबर पक्का, दुसऱ्याची घागर कुणी हलवायचं नाही.

हे सगळं गार्डला सांगितलं. त्याने हसू दाबत विचारलं, "मग आमची रांग बरोबर लागलीय का?"

मी आईला विचारलं. तिने वाकून नीट पाहिलं. "लई फटी ठेवल्यात. मधी कुणीबी घुसंल."

गार्ड खो खो हसला. आई मात्र बाहेर पडताना एकदा मागे वळून पाहत म्हणाली, "तूच उचललीस. गेला आपला नंबर."

गावाकडच्यांनो, खरं सांगा, चूक माझीच ना?