सहीखालची ओळ

आमच्या गुरुग्रामच्या ऑफिसात पद्माकरकाकांकडे आता एवढंच काम उरलं होतं: मीटिंगची बोलावणी पाठवायची आणि मीटिंगला बसून टिपणं काढायची. निवृत्तीला चौदा महिने बाकी. "टिपणं तर आता मशीनही काढतं," असं आमच्या नीरजा मॅडम दोनदा म्हणून झाल्या होत्या. तेव्हापासून काका खुर्चीच्या काठावरच बसत.

त्यात नवा फतवा निघाला. प्रत्येक बोलावण्याखाली नाव, हुद्दा, फोन अशी पूर्ण सही हवी. मेलखाली सही आपोआप उमटते, पण कॅलेंडरच्या बोलावण्यात ती दर वेळी हातानं घालावी लागते. मी शेजारीच बसते. दोन क्लिकचं काम तीनदा शिकवलं, पण ऐकतील तर काका कसले! त्यांनी आपल्या कॅलेंडरात सहीसकट एक नमुना करून ठेवला. दर वेळी त्याचीच कॉपी काढायचे आणि वरचा मजकूर बदलायचे. त्याच नमुन्यात, सहीच्या बरंच खाली, स्वतःसाठी काहीबाही मराठीत लिहून ठेवायचे आणि पाठवण्याआधी पुसायचे.

सोमवारी पुसायचं राहिलं. तेवीस जणांना बोलावणं गेलं आणि सहीखाली ओळ होती, "डावा कान जवळजवळ गेला. गुरुवारी चारला तपासणी. ऑफिसात बोलायचं नाही."

मलाही ते तेव्हाच कळलं. गेले काही महिने मीटिंग संपली की काका हळूच विचारायचे, "जयदीप नक्की काय म्हणाला गं?" टीममधला जयदीप सगळ्यांच्या मध्येच बोलतो; मला वाटायचं, लक्ष नसतं यांचं. मूर्ख मी.

काका पांढरेफटक पडले. "मराठीत आहे ना," ते कुजबुजले, "यांना कुठं कळणार?"

"काका, अक्षरं हिंदीचीच आहेत. सगळे वाचू शकतात."

"रद्द केलं तर?"

"तर तेवीस जणांना पुन्हा मेल जाईल. ज्यांनी पाहिलं नाही, तेही उघडून बघतील."

पडद्यावर एकेकाचा होकार येत होता. प्रत्येक होकाराला काका दचकत होते. शेवटी ते पाणी प्यायला उठले आणि नेमक्या तेव्हाच मॅडम माझ्यापाशी थांबल्या.

"रुचिरा, कान तो समझ गई. ये 'डावा' मतलब?"

खोटं बोलता आलं असतं. "बायाँ, मॅम," मी म्हणाले.

"अच्छा," म्हणून त्या निघून गेल्या. संध्याकाळी दिल्लीतल्या द्वारकेपर्यंत आम्ही मेट्रोत शेजारी बसलो होतो, पण काकांना हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

मंगळवारी मीटिंगला काका नेहमीसारखे दाराजवळच्या खुर्चीकडे निघाले. मॅडमनी आपल्या डावीकडची खुर्ची मागे ओढली. "पद्माकरजी, आप इधर बैठिए. और जयदीप, आज सब एक-एक करके बोलेंगे." काका बसले. त्यांचा उजवा कान मॅडमकडे होता. बराच वेळ त्यांचं पेन हललंच नाही. मशीनचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "तू सांगितलंस?"

"हो."

वाटलं, आता चिडणार. पण ते जागेवर गेले, नमुना उघडला आणि सहीत, फोन नंबरच्या लगेच खाली, हिंदीत लिहिलं, "कृपया मुझसे दाहिनी ओर से बात करें." मग पुढच्या मीटिंगचं बोलावणं तयार केलं आणि बटणावर बोट ठेवून तसेच बसून राहिले.

"पाठवू?"

मी उठले, वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि म्हणाले, "पाठवा."