दोन माडांचा ठसा

वाशीच्या एका आंबा व्यापाऱ्याने आम्हाला फसवलं. आम्हाला म्हणजे मला, आणि माझ्या शब्दावर विसंबलेल्या शेजारच्या चाचांना. गावात मात्र सांगतात की चाचांना मी फसवलं.

मी बागायतदाराच्या घरात जन्मलो नाही. आंब्याची खोकी ठोकण्यापासून सुरुवात केली, मग हंगामाची रक्कम आगाऊ मोजून लोकांची झाडं खंडाने घेतली, आणि चाळिशीत कातळावरची साठ कलमं स्वतःच्या नावावर केली. दगडी गडग्यापलीकडे चाचांची बाग. ते मस्कतला वीस वर्षं काढून परतले होते आणि कमाई सगळी त्या कलमांत घातली होती.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात तो व्यापारी स्वतः आला. तेव्हा भाद्रपद सरता सरता जो तो कलमांच्या बुंध्याशी मोहोराचं औषध ओतत होता. त्याने झाड लवकर मोहोरतं आणि मार्चमध्ये आंबा बाजारात जातो, पण झाडाला एक वर्षही विसावा मिळत नाही. खंडवाले तर हात सैल सोडून ओतत, कारण झाड त्यांचं नसतं. व्यापारी म्हणाला, त्याला औषधाशिवायचा आंबा हवा. शेणखत घाला, झाड त्याच्या वेळेने मोहोरू द्या, मी मे महिन्यापर्यंत थांबतो.

मी दोन दिवस घासाघीस केली. बाजारापेक्षा चढा भाव कबूल करून घेतला. वाहतूक त्याच्या गळ्यात घातली. खोक्यांवर आमचा ठसा उठवायची मजुरी कोणी द्यायची यावर तासभर हटून बसलो. शेवटी तो वैतागून म्हणाला, ठसा माझ्याकडे द्या, खोकी तिकडेच रंगवून घेतो. आमच्या दोन्ही बागांचा मिळून तो एकच पत्र्याचा ठसा होता, निळ्या रंगात दोन माड उठायचे. मी तो जिंकल्याच्या ऐटीत त्याच्या हातात ठेवला. कमीत कमी किती पेट्या उचलणार, हे विचारायचं राहून गेलं.

चाचांच्या ओटीवर त्यांची बाग मागायला एक खंडवाला बसूनच होता. चाचा मला म्हणाले, "मला यातलं कळत नाही. तू मासळीवालीलाही भाव पाडल्याशिवाय सोडत नाहीस, म्हणून तुझं ऐकतो." त्यांनी खंडवाल्याला परत पाठवलं.

थंडीत व्यापारी चार पाहुणे घेऊन आला. त्यांनी बागांचे फोटो काढले, माती पिशव्यांत भरली, चाचींच्या हातचे घावणे खाल्ले आणि गेले.

मार्चच्या सुरुवातीला मी शेणखताची गाडी ठरवायला सावर्ड्याला गेलो. हायवेवर एक ट्रक पंक्चर काढायला थांबला होता. ताडपत्री सरकलेली, आणि खोक्यांवर निळे दोन माड. आमच्या कलमांवर तेव्हा सुपारीएवढी फळं होती. ड्रायव्हर म्हणाला, माल राजापूरकडचा. मी एका खोक्याची पट्टी उचकटली. पेंढ्यात तयार आंबा होता.

दुसऱ्या सकाळी मी वाशीला त्याच्या गाळ्यावर होतो. त्याने चहा मागवला आणि शांतपणे म्हणाला, "शेठ, गिऱ्हाईक बाग बघून पैसे देतं. बाग तुमची दाखवली. पण त्यांना आंबा लागतो मार्चमध्ये, तो दुसऱ्याचा घेतला. तुमचं काय गेलं?" मी कपबशी आपटली. शेजारचा एक हमाल हसून म्हणाला, "ठसा देऊन बसलात मामा, आता कपबशी फोडताय?"

मे महिन्यात आमचा आंबा तयार झाला तेव्हा त्याने थोड्या पेट्या घेतल्या आणि गाळा भरला म्हणून सांगितलं. जुन्या दलालांना आम्ही आधीच नाही म्हटलं होतं, ते आता दारात उभे करीनात. बाकीचा माल कॅनिंगवाल्याने मातीमोलाने नेला.

पुढच्या भाद्रपदात मी माझ्या कलमांना औषध ओतलं. लाज वाटते, पण ओतलं. चाचांनी बाग पाच वर्षांच्या खंडाने देऊन टाकली. खंडवाल्याने पाचही वर्षं ओतलं, शेणखताची एक पाटी टाकली नाही. शेंडे वाळले, फांद्या काळ्या पडल्या. मुदत संपली तेव्हा चाचांनी मला बागेत बोलावलं. एक काळी फांदी मोडून माझ्यापुढे धरली. मग म्हणाले, "तू भाव ठरवलास, तेव्हा माझ्या झाडांचं काही बोलला होतास का रे? की नुसत्या आंब्याचंच?"

मी गडगा ओलांडून परत आलो.

आता शेतकी खात्याचा माणूस औषध आवरा म्हणून सांगायला आला, की लोक माझ्या घराकडे बोट दाखवतात. म्हणतात, त्याला विचारा, काय मिळालं ते. या गावात यापुढे झाड त्याच्या वेळेने मोहोरेपर्यंत कोणी थांबेल असं मला वाटत नाही.

चाचांची अर्धी बाग वठली आहे आणि तिचा जाब मला एकट्याला विचारला जातो. माझी चूक मी वर लिहिली आहे, ती कोणावर ढकलत नाही. पण तो व्यापारी अजून वाशीला बसून आंबा विकतो. त्याने इथे यावं, चाचांसमोर उभं राहावं आणि या वठलेल्या कलमांचा जाब द्यावा.