सासूसमोर विचारलेला प्रश्न

ये गं मंदा, अशी जवळ बस. पत्रातून का होईना, कान धरते तुझा. गर्भपात बरोबर की चूक, याचा निकाल तू चार ओळींत लावून मोकळी झालीस. मी जन्मभर नर्स होते, माझा अजून लागलेला नाही.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. पारोळ्याच्या दवाखान्यात हिरा टेबलावर आडवी. जवळच्या खेड्यातली, दोन पोरींची आई. दोन महिने गेलेले आणि नुसती धापा टाकतेय. डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं, मला बाजूला घेतलं.

"सिस्टर, हिच्या हृदयाची झडप खराब आहे. मागच्या खेपेला कशीबशी वाचली. आता खात्री नाही."

झडप म्हणजे रक्ताला उलटं फिरू न देणारं दार.

"मग?"

"धुळ्याला पाठवू. गर्भ काढतील. पण तिसरा महिना संपायच्या आत. आधी तिला विचारा."

तेव्हा बाईचा जीव वाचवायचा असेल तरच कायदा परवानगी देई. एरवी तुरुंग. इथे परवानगी होती, पण मलाच पटत नव्हतं. इतकी पोरं या हातांवर झेललेली! तरी विचारलं. शेजारी सासू बसलेली.

सासू म्हणाली, "देवनी दिन्हं, आपुन कोन नही म्हननारा?"

हिराने पदर हनुवटीपर्यंत ओढला. बोलली नाही. मी कार्डावर लिहिलं, 'पेशंट तयार नाही.' खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

पुढे आखाजी आली. आमच्याकडे या सणाला लेकी माहेरी येतात, झोके खेळतात. मी देवीची लस टोचायला नेमकी हिराच्या माहेरच्या गावी. ती निंबाखाली बसलेली, डोक्यावर पदर नाही. मला बघून उठली, मनगटच धरलं.

"नर्सबाई, तुम्ही माले त्या दिन काय इचारं?"

"तू तर बोलली नाहीस."

"सासूनामोरे कशी बोलू? तुम्ही काय इलायतन्या शेतस का?"

मी तिच्याजवळ निंबाखाली बसले.

"मन्या दोन पोरी शेतस. मी मरनू ते त्यास्ले कोन देखी?"

"मग काढायचं?"

तिने पोटावर हात ठेवला. "माले हाई काढनं बी नको व्हतं," म्हणाली. "पन माले जगनं शे."

परत येऊन डॉक्टरांना सांगितलं. ते माझ्यावर असे कधी चिडले नव्हते. "सासूसमोर विचारलंत? म्हणजे सासूलाच विचारलंत!" तिसरा महिना संपायला जेमतेम आठवडा उरला होता. नवऱ्याने, भिकाने, आईचं न ऐकता तिला एसटीत बसवलं. धुळ्याच्या डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं, गर्भ काढला. हिरा वाचली.

महिन्याने दाखवायला आली तेव्हा रडत होती. "चुकलं वाटतं का गं?" मी विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली. पण रडणं थांबेना. काय समजायचं मी?

आणि ऐक. पुढच्याच वर्षी तसल्याच झडपेची दुसरी बाई आली. तिला एकटीला विचारलं. ती म्हणाली, मूल पाहिजे. मुलगा झाला, दोघं ठणठणीत.

तेव्हा मला निकाल विचारू नकोस. मी इतकंच शिकले, की विचारायचं तर बाईला विचारावं, आणि त्याआधी सासूला चहाला बाहेर पाठवावं.

बाकीचं भांडण पत्रात नको. या रविवारीच निघून ये, भरताची वांगी आणून ठेवते.