शोभाताईनं लावलेलं नातं

शोभाताई कुठल्याही बाईला आधी नाव विचारत नसे. "लेकरू कसं झालं, नॉर्मल का सिझर?" हा तिचा पहिला प्रश्न. वडवणीत ती घरोघरी साड्या विकायची, पण जिथे साडी खपत नसे तिथेच जास्त वेळ बसायची. आमच्याकडे तर दुपारच्या दुपार. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती.

माझी धाकटी जाऊ मनीषा विधवा, पदरात एक मुलगी. शोभाताईनं तिला शहरातलं एक जोडपं दाखवलं. त्यांचं मूल मनीषानं पोटात वाढवायचं, ते तिच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च उचलणार. मोबदला घेऊन असं करायला कायद्यानं बंदी आहे. फुकट करायचं, तेही जवळच्या नात्यातली बाई असेल तरच परवानगीचे साहेब सहसा हो म्हणतात.

"मग नातं लावू की," शोभाताई म्हणाली. "लावलं की लागतंय." मी नको नको म्हटलं. मनीषानं मुलीकडे बघून होकार दिला.

त्या शहरातल्या बाईला मनीषाची मावसबहीण केलं, तिच्या नवऱ्याला दाजी, आणि आमच्या ओसरीवर तालीम सुरू झाली. "अगं, दाजीपुढं पदर कावून घेती? दाजीची तर थट्टा करायची असती. हस बरं." मनीषा हसायची, पण हात पदराकडे जायचाच.

परवानगीआधीच दवाखान्यात गर्भ ठेवून झाला. "कागद मागून होतेत. लई जणींचं केलंय मी," शोभाताईचं ठरलेलं उत्तर. तिसऱ्या महिन्यात परवानगीच्या साहेबांसमोर नेलं, तर त्या दाजीला बघताच मनीषानं डोक्यावर पदर ओढला. "बहिणीच्या नवऱ्यापुढं पदर?" साहेबांनी विचारलं. पुढच्या दोन-चार प्रश्नांत सगळं उघडं पडलं. त्या दिवसापासून जोडप्याचे फोन बंद आहेत.

शोभाताईला मी बसस्टँडवर गाठलं, गाठोड्यासकट. "त्यांना घिऊनच येते, वैनी." मी तिचा हात सोडेना. तेव्हा ती एकदम रडायला लागली. "मी बी एक दिलंय, वैनी. तोंड सुदिक बघू दिलं न्हाई." मला भरून आलं आणि माझा हात सुटला. ती चढली आणि बीडची गाडी निघून गेली. ते रडणं खरं होतं की तेही पाठ केलेलं, मला अजून कळत नाही. ती काही परतली नाही.

मनीषाला आता सातवा लागलाय. मी दारोदार खरी हकिकत सांगते. बाया मान हलवतात, कुणाला पटत नाही. शोभाताईवर संशय घेणारी मी एकटीच राहिले. गल्ली आधी मनीषाच्या पोटाकडे बघते आणि मग माझ्या नवऱ्याकडे.